बियाला ठेवलेलं वांगं

सकाळी जाग आली की सुनेत्रा आधी राधाच्या पाठीला कान लावायची आणि मगच फोन हातात घ्यायची. त्या दिवशी पाठीत बारीक शिट्टी होती, लांब कुठंतरी दार लावलेल्या खोलीत कुणी पिपाणी फुंकावी तशी. दोन वर्षांची पोर तोंड उघडं टाकून झोपली होती आणि दर श्वासाला बरगड्यांखालची खळगी आत ओढली जात होती. सुनेत्रानं फोन उघडला. हवेचा आकडा चारशे सव्वीस.

तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की चला, आजचा दिवस निभावला.

मग स्वतःचीच शरम वाटून तिनं फोन उशीखाली उपडा सारला.

हवा इतकी बिघडली की फरीदाबादेत बांधकामं बंद पडत. खोदाई बंद, सिमेंटच्या गाड्या बंद. त्यामुळंच घराला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटच्या तोंडाशी तो पिवळा जेसीबी आठ दिवस नुसता उभा होता, दातेरी फावडं तिच्या मेथीच्या वाफ्याशेजारी टेकवून. आकडा उतरला की बंदी उठणार, बंदी उठली की मशीन चालणार. सुनेत्राला अजून पंधरा दिवस हवे होते. बियाला ठेवलेलं वांगं पिकायला निदान तेवढे तरी लागणार होते.

प्लॉट तेवतियाजींचा. ते दोन गल्ल्या सोडून राहायचे. तीन वर्षांपूर्वी सुनेत्रा लग्न करून आली तेव्हा तिथं नुसता मलबा होता. फुटक्या विटा, थर्माकोल, कुणाचं तरी जुनं कमोड. निखिल एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात. रविवारी तो घरी असला की दोघं घमेल्यानं मलबा ओढत. महिनाभरानं खाली माती लागली. खारवट, भुरी, पण माती. सुनेत्रानं ती मुठीत दाबून बघितली, नाकाशी नेली.

"काय कळतं गं वासावरून?" निखिलनं विचारलं होतं. त्याचं बालपण पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गेलेलं.

"येईल काहीतरी," ती म्हणाली होती.

आणि आलं. मेथी, पालक, मुळे, लसूण, एका कडेला घेवडा. घरातल्या पाणी गाळायच्या मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी धरायचं, आणि सकाळ-संध्याकाळ झारीनं घालायचं. राधा पोटात असताना तिनं याच वाफ्यातला पालक खाल्ला. राधाच्या पहिल्या वरणात याच वाफ्यातलं गाजर किसून पडलं.

वांगं मात्र यंदाचं. त्याची गोष्ट वेगळी होती.

सुनेत्राचं माहेर कृष्णाकाठचं. तिची आई शेवंताबाई मळीच्या रानात बांधाकडेनं वांगी लावायची. काटेरी देठाची, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा ओढलेली, भाजली की लोण्यासारखी. त्याचं बी आईला तिच्या सासूकडून आलेलं. आता सगळा मळा भावानं, गुलाबरावनं, उसाखाली घातला होता. बांधसुद्धा सोडला नव्हता. आईचे गुडघे गेले. मागच्या उन्हाळ्यात सुनेत्रा माहेरी गेली तेव्हा आईनं राखेत घोळलेलं बी फडक्यात बांधून तिच्या पिशवीत घातलं.

"हे एवढंच हाय. आता माझ्याच्यानं वाकवत न्हाई. निम्मं पेर, निम्मं ठेव. समदं एका टायमाला मातीत घालायचं न्हाई, कळलं का?"

"कळलं गं आई."

"आन् अक्षय्य तृतीयेला पेर. त्या दिवशी टाकलेलं बी वाया जात न्हाई."

अक्षय्य तृतीयेला सुनेत्रानं आंघोळ करून, हळदकुंकू वाहून निम्मं बी पेरलं. गावाकडं त्या दिवशी सगळे पेरतात, आळी करतात. तिनं एकदाही असा विचार केला नाही की इथली अक्षय्य तृतीया वेगळ्या उन्हात येते. चार दिवसांत लू सुटली, भाजून काढणारा वारा. छत्तीस रोपं उगवली आणि छत्तीसच्या छत्तीस उभ्या उभ्या करपली, काडेपेटीतल्या जळक्या काड्यांसारखी. उरलेलं निम्मं तिनं जुलैत पेरलं. सगळं. हात थांबलाच नाही. त्यातली पाच झाडं जगली, दोन शेंडेअळीनं खाल्ली, तीन राहिली.

दसऱ्याच्या सुमाराला पहिलं गोजिरं वांगं धरलं तेव्हा तिनं राधाच्या जुन्या लाल झबल्याची चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधली. चिंधी म्हणजे खूण. हे तोडायचं नाही, हे खायचं नाही, हे झाडावरच पिवळं होईपर्यंत राहील. बाकीची वांगी तिनं भाजली, भरली, वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना दिली. चिंधीच्या वांग्याला कुणी हात लावला नाही.

तेवतियाजी दिवाळीनंतर आले. पांढरा कुर्ता, पायात बूट, फोन कानाला. फोनवर बोलता बोलताच त्यांनी बुटानं वाफ्याची कड ढकलून बघितली.

"बेटा, ये सब उठा लो. नींव खुदेगी."

"अंकलजी, पंद्रह-बीस दिन दे दीजिए. एक बैंगन है, बीज के लिए रखा है. पक जाए तो..."

तेवतियाजी हसले. वाईट हसले नाहीत, म्हणून जास्त लागलं. "बैंगन? अरे, मंडी से बोरी भिजवा दूँ क्या? मेरा नक्शा पास हुए छह महीने हो गए." मग ते जेसीबीकडं बघून म्हणाले, "वो तो ये पाबंदी लग गई, वरना कल ही चल जाता. जिस दिन खुली, उस दिन चला. फिर मत कहना कि बताया नहीं."

"जी."

तेव्हापासून रोज सकाळी आकडा बघणं सुरू झालं. वाईट आकडा म्हणजे एक दिवस मिळाला. आणि वाईट आकडा म्हणजे राधाच्या पाठीत शिट्टी.

धूळ इतकी बसायची की वांग्याची पानं शेवाळी न दिसता राखाडी दिसत. सुनेत्रा ओलं फडकं घेऊन एकेक पान खालून हात धरून पुसायची. मग तेच फडकं धुऊन राधाचं तोंड, नाकपुड्या, कानामागं पुसायची. फडक्याला दोन्ही वेळा सारखाच काळा रंग यायचा.

दुपारी आईचा फोन आला.

"पोरगी खोकतीया का अजून?"

"थोडी. मशीननं वाफ देते आहे."

"वांगं पिवळं झालं का?"

"देठाच्या बाजूनं जरा झालंय. अजून खाली जांभळंच आहे."

"झाडावरच ऱ्हाऊं दे. आन् ते निम्मं ठेवलंयस न्हवं? डब्यात हाय का फडक्यात? मुंग्या लागत्यात."

सुनेत्रानं खिडकीतून जेसीबीकडं बघितलं. "डब्यात आहे," ती म्हणाली.

"मग काय घोर न्हाई," आई म्हणाली, आणि शेळी व्याल्याचं सांगायला लागली. सुनेत्रा हूं हूं करत राहिली.

डॉक्टरांकडं ती आणि निखिल राधाला घेऊन गेले तेव्हा खोलीत सगळी मुलंच होती, सगळी खोकणारी. डॉक्टर थकलेले होते. त्यांनी राधाच्या पाठीवर नळी फिरवली, तोंड वाकडं केलं.

"गाँव है कहीं? दादी, नानी?"

"नानी हैं. सांगली साइड."

"तो भेजिए. महीने भर के लिए. आज नहीं तो कल. दवा से ज़्यादा वो काम करेगा."

बाहेर पडताना निखिल म्हणाला, "दिवाळीनंतरची गर्दी आहे, तिकीट नाही मिळणार साधं. तत्काळ बघावं लागेल. दहाला उघडतं. मला शॉपफ्लोरवर फोन अलाउड नाही यार, तुलाच बसावं लागेल. नावं, नंबर सगळं भरून ठेवतो. तू फक्त दहाच्या ठोक्याला दाब."

"बरं."

"सुनेत्रा, दहा म्हणजे दहा. दहा वाजून दोन मिनिटांनी काही उरत नाही."

"हो रे, कळलं."

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना ती फोन घेऊन खुर्चीवर बसली. राधा पायाशी वाट्या वाजवत होती. मग तिला वाटलं, एकदा वांगं बघून यावं. दार लोटून ती प्लॉटवर गेली. वांग्यावर पिवळेपणा रुपयाएवढा पसरला होता. तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं. कडक. आत बी असेल, पण दुधाळ असेल, पांढरं. अजून दहा दिवस. फक्त दहा. राधाला मशीन आहे, औषध आहे, कालपेक्षा आज खोकला कमीच आहे, नाही का? हातातल्या फोनवर दहा वाजले. सुनेत्रानं पडद्याकडं बघितलं. अंगठा पडद्याच्या वर एक बोट अंतरावर होता. दहा वाजून एक. दहा वाजून तीन. मग तिनं दाबलं. प्रतीक्षा यादी दोनशे अकरा.

संध्याकाळी निखिल आला. "मिळालं?"

"नाही. लगेच भरून गेलं."

"अच्छा. चलो, उद्या परत बघू. तू तरी काय करणार." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. कारखान्यातल्या तेलाचा वास त्या हाताला होता. सुनेत्रा उठली आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं.

त्या तिसऱ्या दिवशी आकडा चारशे साठच्या वर गेला. दुपारी बारालाच संध्याकाळसारखं पिवळट झालं. समोरची इमारत नुसती रेघ दिसत होती. राधानं वरणभात तोंडातून बाहेर टाकला. मग ती सुनेत्राच्या मांडीवर आडवी झाली, आणि खोकणंच थांबलं. सुनेत्राला आधी बरं वाटलं. मग तिनं बघितलं, की पोरीला खोकायलाच श्वास पुरत नाहीये. ओठांच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या. नाकपुड्या फडफडत होत्या. गळ्याखाली खड्डा पडत होता, भरत होता, पडत होता.

घरमालकीणबाई जिन्यावरून धावत खाली आल्या. "हाय राम! तू पकड़ बच्ची को, मैं ऑटो रोकती हूँ." त्या चप्पल न घालताच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

दवाखान्यात दोन तास राधाच्या तोंडावर मास्क होता. ती रडत होती, आणि रडतेय म्हणजे श्वास येतोय असं नर्स म्हणाली. निखिल कारखान्यातून तसाच आला, सुरक्षेचे बूट पायात घेऊन. डॉक्टर आले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मैंने तीन दिन पहले कहा था ना?"

सुनेत्रा राधाच्या पायातला सुटलेला मोजा वर ओढत राहिली.

निखिल पुढं झाला. "टिकट नहीं मिल रहा डॉक्टरसाब. ये रोज़ दस बजे बैठती है. तीन दिन से कोशिश कर रही है बेचारी."

बेचारी. सुनेत्रानं राधाचा पाय धरला होता. तो छोटा पाय, मोज्यातला, तिनं दोन्ही हातांनी घट्ट दाबला. वर बघितलं नाही.

घरी आले तेव्हा दिवस मावळत होता. म्हणजे घड्याळ तसं सांगत होतं. सूर्य तर सकाळपासून दिसला नव्हता. राधा निखिलच्या खांद्यावर झोपली होती. सुनेत्रा दारातून आत गेली नाही. खिडकीत ठेवलेलं खुरपं उचललं आणि प्लॉटवर गेली.

जेसीबी उभाच होता. त्याच्या टपावर धुळीचा थर बोटभर. बंदी होती, आकडा वाईट होता, उद्याही वाईट राहणार होता. वांग्याला कुणाचा धोका नव्हता. अजून आठवडाभर ते झाडावर सुखानं राहील असंच दिसत होतं.

सुनेत्रा उकिडवी बसली. डाव्या हातात वांगं घेतलं. निम्मं पिवळं, निम्मं जांभळं. देठाचे काटे बोटात घुसले. फांदीसकट, वीतभर दांडा ठेवून, तिनं खुरप्यानं ते कापलं. कापताना झाड हललं आणि पानांवरची सगळी धूळ तिच्या केसांवर पडली.

आत निखिल राधाला गादीवर ठेवून तिच्या उशाशी बसला होता. सुनेत्रानं वांगं ओट्यावर ठेवलं.

"मी दाबलंच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तत्काळचं. तिन्ही दिवस. दहाला दाबलंच नाही. हे पिकायचं होतं म्हणून."

निखिलनं वांग्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. "याच्यासाठी?"

"हो."

"मी तिथं डॉक्टरला सांगत होतो की तू रोज..." त्यानं पुढं बोलायचं टाकलं. उठला. राधाच्या वाफेच्या मशीनचा मास्क मोरीत नेऊन गरम पाण्यानं धुवायला लागला. खूप वेळ धूत होता. सुनेत्रा ओट्याशी उभी राहिली. तिला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

मास्क फडक्यावर उपडा ठेवून तो म्हणाला, "उद्या मी हाफ डे टाकतो."

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना दोघं पलंगावर शेजारी बसले, मधे राधा. निखिलनं फोन तिच्या हातात दिला.

"तूच दाब," तो म्हणाला.

तिनं दहाच्या ठोक्याला दाबलं. मायलेकींसाठी दोन जागा मिळाल्या, त्यातली एक वरची. निखिलनं हात पुढं करून राधाच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि मग सुनेत्राच्या केसांत अडकलेला वाळका पानाचा तुकडा काढला.

गाडी सुटायच्या आधी ती शेवटचं प्लॉटवर गेली नाही. वांगं राधाच्या लोकरीच्या टोपीत गुंडाळून पिशवीत सगळ्यात वर ठेवलं, दाबलं जाऊ नये म्हणून. कोटा स्टेशन ओलांडेपर्यंत खिडकीबाहेर धुकट होतं. पुढं कधीतरी, राधा मांडीवर झोपलेली असताना, सुनेत्रानं बाहेर बघितलं तर शेताच्या कडा दिसत होत्या. झाडं एकेक, वेगळी वेगळी.

आई अंगणात पाटावर बसली होती. राधाला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले. राधा मात्र व्यालेल्या शेळीकडं धावली. "बकरी! मम्मा, बकरी!"

"बकरी काय गं, शेळी म्हण, शेळी," आई म्हणाली. मग टोपीतलं वांगं बघून तिचा चेहरा बदलला. "कवळंच तोडलंस?"

"आई," सुनेत्रा म्हणाली. पिशवी अजून खांद्यावरच होती. "डब्यात काही नाही. मी सगळं पेरलं. निम्मं अक्षय्य तृतीयेला पेरलं ते उन्हानं जळलं, मग उरलेलंही पेरलं. तुला खोटं सांगितलं."

वांगं हातात घेऊन आईनं ते उलटंसुलटं केलं, देठ बघितला, नखानं सालीवर टिचकी मारली.

"तिकडं तवा लई ऊन असतंय?"

"भट्टी असते."

"मग मी तुला अक्षय्य तृतीयेला पेर म्हणून कशाला सांगितलं?" आई स्वतःवरच चिडल्यासारखी म्हणाली. "मला काय ठावं तिकडचं. मी आपली हितलं बघून बोलले." मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "दांडा ठेवलायस ते बरं केलंस. टांगून ठेवू. दांड्यात रस हाय तवर आत बी भरत ऱ्हातंय. भरलं तर भरलं."

वांगं ओसरीच्या आढ्याला सुतळीनं टांगलं गेलं. लाल चिंधी तशीच होती.

तिसऱ्या दिवशी निखिलचा फोन आला. "काल इथं वारा सुटला. हवा साफ झाली, बंदी उठली. आज सकाळी मशीन चाललं." तो थांबला. "घेवड्याच्या शेंगा मी आधी तोडून घेतल्या. कशा करायच्या असतात?"

सुनेत्रा ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. अजून तीन-चार दिवस ती फरीदाबादेतच थांबली असती, तर राधाला तीच स्वच्छ हवा मिळाली असती, आणि वांगं मातीबरोबर फावड्यात गेलं असतं. यातलं काही तेव्हा माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आधी शिरा काढ. मग मी सांगते तसं कर."

"राधा कशी आहे?"

"ऐक." तिनं फोन अंगणाकडं धरला. राधा शेळीच्या पिल्लामागं ओरडत पळत होती.

दहाव्या दिवशी वांगं अंगभर तांबूस पिवळं झालं, साल सुरकुतली. सकाळच्या उन्हात आईनं विळीवर ते चिरलं, गर पाण्यात चुरगळला. बी सुटं झालं, पितळी पातेल्यात गरगर फिरलं. दोघी वाकून बघत बसल्या. राधा दोघींच्या मधे घुसली, तिनं पातेल्याच्या काठाला हनुवटी टेकवली.

बहुतेक बी वर तरंगलं. पोकळ, कागदासारखं. आईनं ते ओंजळीनं काढून कोंबड्यांना टाकलं. परत पाणी ओतलं. परत तरंगलं, परत टाकलं. पाणी निवळलं. तळाशी काही दाणे होते, हलत नव्हते.

आईनं बोटानं मोजले. "अकरा."

"अकराच?"

"माझ्या सासूनं मला सात दिलं हुतं," आई म्हणाली.

तिनं ते फडक्यावर पसरले, सुकू दिले, चुलीतली राख आणून त्यात घोळवले. मग पाच एका चिंधीत बांधले आणि सहा दुसऱ्या. सुनेत्राला वाटलं, पाच पेरायचे आणि सहा ठेवायचे. पण आईनं पाच दाण्यांची चिंधी स्वतःच्या कनवटीला खोचली.

"तुझ्याच्यानं वाकवत नाही ना?" सुनेत्रा म्हणाली.

"दाराम्होरं एक आळं केलं तर काय मरत न्हाई मी. गुलाब्याचा ऊस काय दारात येतोय का?" आईनं दुसरी चिंधी तिच्या हातात ठेवली आणि तिची मूठ बाहेरून आपल्या राखेच्या हातानं मिटली. "तिकडलं सा. तिकडं कवा पेरायचं ते आता तूच ठरव."

राधानं दोघींच्या मुठींवर आपला हात ठेवला. तिच्याही तळव्याला राख लागली. सुनेत्रानं तिला जवळ ओढलं आणि सवयीनं पाठीला कान लावला.

आत काही वाजत नव्हतं. तरी ती बराच वेळ तशीच ऐकत राहिली.